तीन नंबरचं नरसाळं

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत वन्संनी सही केलेला रिपोर्ट एकदाच परत मागितला. मागितला तेव्हा त्या रिपोर्टाच्या जोरावर एक बाई सात महिने तुरुंगात होती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या. सरकारी प्रयोगशाळेत विष तपासायचं काम. पोस्टमॉर्टेम झालं की पोलीस बरण्या आणून देतात, कुणाच्या पोटातलं, कुणाच्या लिव्हरचा तुकडा, मिठाच्या पाण्यात बुडवून सीलबंद केलेलं. त्यात विष आहे का आणि असलं तर कोणतं, एवढंच सांगायचं. "कुणी घातलं ते आपलं खातं नाही," असं त्या म्हणायच्या. गल्लीत त्यांना सगळे विषाच्या बाई म्हणत. शेजारच्या काकू त्यांच्या हातचा चहा घेताना हटकून विचारायच्या, "माझ्यावर काही राग नाही ना?" वन्सं म्हणायच्या, "तुमच्यावर वाया कशाला घालवू?" हा विनोद वीस वर्षं चालला आणि दोघी प्रत्येक वेळी नव्याने हसल्या.

ठेंगण्या, घट्ट अंबाडा, नखं मुळापर्यंत कापलेली. धुऊन धुऊन बोटांची कातडी जुन्या कागदासारखी झालेली. मी घासून ठेवलेलं भांडं त्या वापरण्याआधी पुन्हा विसळायच्या. नवीन लग्न झालं तेव्हा मला याचा फार राग यायचा, मी एकदा यांच्यापाशी धुसफुसलेही. नंतर कळलं की त्यांचा अविश्वास माझ्यावर नव्हता, भांड्यावर होता. कुठल्याच भांड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एक सोडून.

ते एक म्हणजे प्रयोगशाळेतलं तीन नंबरचं नरसाळं. आपल्या तेलाच्या नरसाळ्यासारखं नाही. पेरूच्या आकाराचं बंद काचेचं भांडं, वर बूच, खाली देठासारखी नळी आणि त्या नळीत फिरवायची काचेची तोटी. बरणीतल्या ऐवजाचा पातळ रस आणि एक द्रावक त्यात घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. तेल-पाण्यासारखे दोन थर होतात, विष असेल तर ते द्रावकाच्या थरात उतरतं, आणि तो थर तोटी फिरवून अलगद खाली सोडायचा. बाकीच्या नरसाळ्यांच्या तोट्या ठिबकायच्या. तीन नंबरची नाही. जुन्या काळच्या एका कारागिराने हाताने फुंकलेलं ते भांडं, त्यांच्या पहिल्या साहेबांनी निवृत्त होताना वन्संच्या हाती दिलेलं. तोटी ग्रीस लावून एकदा बसवली की इतकी चपखल बसायची की ती हलवू नये असा वन्संचा दंडक होता. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायच्या, "तीनची तोटी काढायची नाही. वरून तीनदा द्रावक सोडून धुवायचं. काढलीत तर पुन्हा तशी बसायची नाही." आणि कुणी काढायचं नाही.

आता ती केस. एक निवृत्त घड्याळजी, वय अठ्ठ्याहत्तर, खोकला. सून रोज सकाळी आलं आणि परसातली पानं उकळून काढा द्यायची. एका सकाळी काढा घेतल्यावर तासाभरात उलट्या सुरू झाल्या, नाडी मंद होत गेली, दुपारी दवाखान्यातच वारले. त्यांच्या मुलीने पोलिसांना सांगितलं, घराच्या कुंपणाला सगळी कण्हेर आहे आणि वरच्या खोलीवरून भावजयीचं बाबांशी आठवडाभर वाजलं होतं. कण्हेर विषारी असते हे कुणाला सांगावं लागत नाही. पोलिसांनी कुंपणाची एक फांदी पिशवीत घातली. काढ्याचं पातेलं मात्र घासून पालथं घातलेलं सापडलं. पातेलं घासून ठेवणं हा गुन्हा असेल तर मी रोज दहा करते, पण पेपरवाल्यांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून ती 'काढेवाली सून' झाली. तिला चार वर्षांची मुलगी होती.

बरण्या वन्संकडे आल्या. असली विषं नेमकी पकडणारं मोठं यंत्र वर्षभर एका सुट्या भागासाठी अडून बसलं होतं, त्यामुळे जुनी पद्धत. अर्काचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, पट्टी द्रावकात उभी करायची, थेंब वर चढतो. मग आम्लाचा फवारा मारून भट्टीत तापवायची आणि जांभळ्या दिव्याखाली धरायची. कण्हेरीचं विष असेल तर पट्टीवर ठरावीक उंचीला निळसर ठिपका चमकतो. शेजारी खऱ्या कण्हेरीच्या पानांच्या अर्काचा ठिपका ठेवलेला असतो, ताडून बघायला.

लिव्हरच्या अर्कात फिका ठिपका दिसला, पानांच्या ठिपक्याच्या बरोबर उंचीला. पोटातल्या अर्कात काही नव्हतं. वन्संनी रिपोर्टात दोन्ही लिहिलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'उलट्यांमुळे पोटातील अंश निघून गेला असण्याची शक्यता आहे.' त्या एका ओळीपायी पुढे त्यांना फार दिवस झोप लागली नाही.

सात महिन्यांनी खटला उभा राहायच्या बेताला आला आणि बचावाच्या वकिलाने कामाच्या वहीच्या नकला मागवल्या. नित्याचीच गोष्ट. नकला मूळ पानांशी ताडून सही करायची होती. वन्सं टेबलाशी बसल्या आणि आपलंच अक्षर वाचायला लागल्या. नऊ चाळीस, पानांचा अर्क, नरसाळं तीन. अकरा वीस, लिव्हर, नरसाळं तीन. अकरा पन्नास, पोटातील ऐवज, नरसाळं पाच.

त्यांची रीत उलटी होती. आधी माणूस, मग झाड. पानांच्या अर्कात विष ढीगभर असतं, माणसाच्या तुकड्यात असलं तर कणभर, म्हणून पानं नेहमी शेवटी. त्या दिवशी काय झालं ते त्यांना पान वाचता वाचता आठवलं. बरणीवरच्या लाखेच्या सीलचा ठसा फॉर्मवरच्या ठशाशी जुळेना. हवालदाराला बरणीसकट ठाण्यात पत्र आणायला परत पाठवलं होतं. तोपर्यंत रिकामं बसवेना, म्हणून पानं उरकून घेतली. बरणी आली, तीन नंबर नेहमीसारखं वरून तीनदा धुतलं आणि लिव्हर घातलं. तोटी काढली नाही.

त्या संध्याकाळी त्या जेवायला बसल्या आणि भात कालवता कालवता मला विचारलं, "अगं, तू तेलाची बाटली धुतेस, तेव्हा बुचाची आतली बाजू धुतेस का?"

"बूच काढून घासल्याशिवाय काय धुतलं म्हणायचं, वन्सं? वास तिथेच तर राहतो."

त्यांनी हात थांबवला. हे म्हणाले, "ताई, आता माझ्या घरातल्या बाटल्यासुद्धा तपासायला घेणार का?" एरवी त्या फटकन उत्तर द्यायच्या. त्या दिवशी ताट सारून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच दिवस पुन्हा केला. रक्ताच्या विभागातले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना रक्तवाले म्हणतात, दोघांची वीस वर्षांची ओळख आणि वीस वर्षांची भांडणं. त्यांना साक्षीला बसवलं. कण्हेरीची पानं तोडून आणली, वहीत लिहिली होती तेवढीच तोलली. तीन नंबरमध्ये अर्क काढला. वरून तीनदा धुतलं. मग त्यात लिव्हर नाही, काहीच नाही, नुसतं मिठाचं पाणी आणि द्रावक घालून हलवलं, थर सोडला आणि थेंब पट्टीवर ठेवला.

"तुम्ही शोधताय काय ते तरी सांगा," रक्तवाले म्हणाले.

"काही नसावं ते शोधतेय."

"म्हणजे नेहमीच्या उलट."

भट्टीतून पट्टी काढली, दिवा मालवला, जांभळा दिवा लावला. रक्तवाल्यांनीच मला पुढे सांगितलं, बाईंनी आधी डोळे मिटून घेतले होते. ठिपका होता. फिका, निळसर, त्याच उंचीला. ज्या पाण्यात माणसाचा एक कण नव्हता त्यात कण्हेर निघाली होती.

वन्संनी तीन नंबरची तोटी पिळून बाहेर काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. खाचेत पिवळट ग्रीस भरलं होतं. पानांचं विष त्यात जाऊन बसत होतं, वरून धुतलेलं त्याला लागत नव्हतं, आणि पुढचं द्रावक ते हळूच सोडवून घेत होतं.

"याने फक्त शंका येते," रक्तवाले म्हणाले. "म्हाताऱ्याच्या लिव्हरमध्ये विष नव्हतंच असं ठरत नाही. असेलही."

"तेच. म्हणून लिव्हर पुन्हा करायला हवं."

उरलेला अर्धा तुकडा सीलबंद बरणीत स्टोअरमध्ये असतो. पण बरण्या कायम ठेवत नाहीत. सहा महिने झाले, पोलिसांचं ना-हरकत पत्र आलं की त्या जाळायला जातात. वन्सं आधी साहेबांकडे गेल्या, कारण सीलला हात लावायला त्यांची लेखी परवानगी लागते.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बाई, चार महिन्यांत तुम्ही नोकरीतून सुटताय. आता हे कशाला उकरता?"

"ती बाई आत आहे, साहेब."

"कोर्ट आहे ना ते बघायला. वकील विचारेल, तुम्ही उत्तर द्याल. नकला तर चालल्याच आहेत त्याच्याकडे."

"नकलेत त्याला तीन नंबर दिसेल. तोटी नाही दिसायची. ते फक्त मला माहीत आहे."

"आणि पुन्हा तपासून ठिपका आला तर?"

"तर ती दोषी असेल, आणि मी उगाच घाबरले असेन."

"आणि नाही आला तर प्रत्येक वकील आपल्या प्रत्येक रिपोर्टावर बोट ठेवेल, हे कळतंय ना?"

"ठेवू दे. बोट ठेवण्यासारखं आहे."

साहेब शेवटी म्हणाले, लेखी द्या. वन्संनी त्यांच्याच टेबलावर लिहिलं, 'माझ्या कामात चूक झाली असल्याचा मला संशय आहे.' साहेबांनी 'चूक' खोडून 'त्रुटी' करायला सांगितलं. वन्संनी केलं नाही. साहेबांनी तशीच सही केली.

त्या कागद घेऊन स्टोअरमध्ये गेल्या तर कपाटाचे तीन खण रिकामे. स्टोअरचे काका, कमरेला किल्ल्यांचा जुडगा म्हणून त्यांना कुलूपकाका म्हणतात, रजिस्टरवर रेघा ओढत बसले होते.

"गेल्या बाई त्या. पत्र आलं मागल्या आठवड्यात. आज गाडी येणार."

"येणार की आली?"

"मागे अंगणात क्रेट लावलेत. पण बाई, माझ्या वहीत एकदा रेघ मारली की ते मेलं. मेलेलं परत आत येत नाही."

"माझ्याकडे येतं ते सगळं मेलेलंच येतं, काका. चला."

अंगणात एकोणीस क्रेट होते, आणि गाडी फाटकाशी उभी राहून भोंगा वाजवत होती. गाडीवाल्याला आणखी तीन दवाखाने करायचे होते, तो म्हणाला पंधरा मिनिटं थांबतो, एकही जास्त नाही. मिठाच्या पाण्याचा आणि त्याखालचा तो दुसरा वास. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काही ओल्या होऊन सुटल्या होत्या. वन्सं गुडघ्यावर बसून एकेक बरणी उचलून नंबर वाचत होत्या, कुलूपकाका रजिस्टर धरून उभे. सातव्या क्रेटनंतर काकाही खाली बसले. तेराव्या क्रेटमध्ये दोन बरण्या चिठ्ठीविना सापडल्या आणि वन्संनी त्या बाजूला सारल्या, कारण चिठ्ठीविना बरणी कुणाचीही असू शकते, आणि कुणाचीही असू शकणाऱ्या बरणीवर कोर्ट थुंकतसुद्धा नाही. फाटकाकडून गाडीवाला ओरडला, झालं का. काका ओरडले, तुझ्या घरचं कुणी यात असतं तर ओरडला असतास का.

सोळाव्या क्रेटमध्ये ती मिळाली. चिठ्ठी शाबूत, लाख शाबूत, ठसा स्पष्ट. काकांनी रेघेवर आडवी सही करून शेजारी 'परत' असं लिहिलं. म्हणाले, "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा."

तपासणी वन्संनी स्वतः केली नाही. म्हणाल्या, माझा हात आता कुठल्या बाजूला झुकेल त्याचा मला भरवसा नाही. रक्तवाल्यांनी नवं नरसाळं, तोटी काढून धुतलेलं, घेऊन अर्क काढला. तीन कुप्या केल्या. एकीत लिव्हरचा अर्क, एकीत नुसतं मिठाचं पाणी, एकीत मुद्दाम कण्हेरीचा कण घातलेलं पाणी. कुठलीत काय ते आपल्याच चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात. वन्संनी फक्त पट्टी वाचायची.

एकाच कुपीचा ठिपका चमकला. वन्संनी नंबर सांगितला, रक्तवाल्यांनी चिठ्ठी काढली. कण घातलेलं पाणी. लिव्हर कोरं होतं. उरलेला भाग दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत मोठ्या यंत्रावर पाठवला. नऊ दिवस गेले, शेजारच्या काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा वन्संनी चहाचा कप नुसता पुढे सरकवला. दहाव्या दिवशी उत्तर आलं. कण्हेर नाही, दुसरं कुठलं विषही नाही.

कोर्टात यांनी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही, मला बरोबर धाडलं. सरकारी वकील आपल्याच साक्षीदारावर चिडलेले.

"म्हणजे तुमचा आधीचा रिपोर्ट खोटा होता?"

"खोटा नव्हता. चुकीचा होता."

"फरक काय?"

"मला माहीत असतं आणि लिहिलं असतं तर खोटा. मला माहीत नव्हतं. पण पोट कोरं निघालं तेव्हाच मी थांबून बघायला हवं होतं. मी त्याला कारण शोधून दिलं."

मग बचावाचा वकील उठला. त्याला वाटलं असेल आता सोपं आहे. "हे नरसाळं किती वर्षं वापरात होतं?"

"एकोणीस वर्षं माझ्या हातात. तोटी शेवटची काढली त्याला अकरा."

"म्हणजे आणखी किती रिपोर्ट असे असतील?"

"माहीत नाही. अकरा वर्षांच्या वह्या काढल्या आहेत. पानं आधी आणि माणूस नंतर, असं जिथे जिथे झालं असेल ते शोधतेय. सापडेल ते कोर्टाला कळवीन."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि लिहायला घेतलं. सरकारतर्फे खटला मागे घेतला गेला. संध्याकाळच्या आत सोडण्याचा हुकूम झाला.

आम्ही जिन्याशी होतो तेव्हा ती आली. बरोबर पोलीस बाई, मागे तिची बहीण, बहिणीच्या कडेवर मुलगी. मी तिला पेपरातल्या फोटोत पाहिलं होतं, त्याहून ती फार लहान दिसत होती, आणि कानांतलं काढून घेतलेलं, भोकं बुजायला आलेली.

"तुम्हीच ना त्या?" तिने वन्संना विचारलं.

"हो."

मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क आहे. वन्संनाही तेच वाटलं असावं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"सासऱ्यांना मग काय झालं होतं?"

"विष नव्हतं, एवढं मला सांगता येतं. हृदय असेल. ते डॉक्टर सांगतील."

"काढ्याने नाही?"

"काढ्याने नाही."

"नक्की? मी पानं कुंपणाशेजारीच तोडायची. पहाटे, दिवा न लावता." ती हळू बोलत होती, पोलीस बाईला ऐकू जाऊ नये इतकं. "तुमचा कागद वाचून दाखवला मला, तेव्हापासून मी तो दिवस रोज आठवून बघतेय. शेवटी शेवटी तर मला दिसायला लागलं होतं, की एक लांबट पान पडतंय पातेल्यात. वकिलांना नाही सांगितलं. पण मी मानलं होतं."

वन्संचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. साहेबांसमोर नाही, कोर्टात नाही.

"ते पान पडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मी टाकलं. तुम्ही नाही."

मग बहिणीकडे वळून तिने हात पुढे केले. मुलीने बहिणीच्या खांद्यात तोंड लपवलं. "येईल," बहीण म्हणाली, "सात महिने झाले ना, येईल हळूहळू." तिने हात तसेच थोडा वेळ धरून ठेवले, मग खाली घेतले, आणि त्या तिघी जिना उतरायला लागल्या.

वन्सं त्या दिसेनाशा होईपर्यंत उभ्या होत्या. मग पिशवी उचलून मला म्हणाल्या, "तू घरी जा. मला वह्या बघायच्यात."